ठोकळा

पडद्यावर हेदरबाईंनी पेन्सिलीचं टोक टेकवलं :
इथे चार ठिपके दिसायला हवेत.
मी मोजले. तीन.
चौथ्याच्या जागी काहीतरी पुसट,
पुसलंय की काढायचंच राहून गेलंय
ते सांगता येत नाही, म्हणाल्या.

कान शाबूत. कानाच्या आतला शंख शाबूत.
शंखातून मेंदूकडे जाणारी नस तेवढी
असून नसल्यासारखी.
नॉटिंगहॅमनं एके काळी जगभर लेस विकली म्हणतात,
गल्लीगल्लीत कारखाने, लाखो वार धागा,
आणि माझ्या लेकीसाठी बोटभर निघेना.

यंत्र बसवू, म्हणाल्या.
नस जेवढी आहे तेवढंच वाहून नेईल.
कदाचित शब्द. कदाचित नुसती चाहूल.
कदाचित म्हणजे किती टक्के? नवऱ्यानं विचारलं. दोनदा.
त्यांनी आकडा दिला नाही.
तेव्हापासून त्या मला आवडतात.

यंत्र सुरू केलं त्या दिवशी
मेहकरहून सगळ्यांना व्हिडिओ हवा होता :
पोर दचकते, हसते, आईच्या गळ्यात पडते, तसला.
आमच्या व्हिडिओत कमळजा
चार मिनिटं मोज्याचा दोरा उसवते आहे.
मी तो पाठवला. सासूबाईंचं उत्तर आलं,
मोजे चांगले आहेत.

रोज सकाळी नाश्त्याआधी तपासणी.
मी तोंडापुढे कागद धरते, म्हणजे ओठ वाचता येऊ नयेत.
ती ठोकळा गालाशी धरून बसते
आणि ऐकू आलं की डब्यात टाकते.
आ. टाकला.
ऊ. टाकला.
म. थांबली, टाकला.
श आणि स कधी पोचतात, कधी वाटेतच सांडतात.
ई-ला ती खिडकीकडे बघते.
हेदरबाईंच्या तक्त्यात एवढेच सहा.

सातवा मी घरी घातला.
ळ.
ठोकळा गालाशीच.
ळ.
त्यांच्या यादीत तो नाही, या देशात कुणाच्या जिभेला तो वळत नाही,
पण डोळे, केळं, जवळ, वेळ, बाळ,
माझं अर्धं घर त्या एका अक्षरावर उभं आहे,
आणि लोणारच्या देवीवरून ठेवलेलं तिचं नाव
त्याच्याशिवाय मोडतं.
ळ.
ती माझ्याकडे बघते, मी मध्येच थांबल्यासारखी.

दर बुधवारी बीस्टनच्या लायब्ररीत
आम्ही तिघं हातांची भाषा शिकतो.
नवऱ्याची बोटं जाड, त्याचं 'दूध' आणि 'थांब' सारखंच दिसतं.
ती त्याला दुरुस्त करते. कंटाळत नाही.

शाळेपुढच्या रस्त्यावर गोल पाटी घेऊन ब्रेंडाबाई उभ्या असतात.
मॉर्निंग, डक. सांभाळून, डक.
इथे सगळेच सगळ्यांना बदक म्हणतात,
पोस्टमनला, डॉक्टरला, मलाही, रोज, खड्या आवाजात.
नोव्हेंबरातल्या एका सकाळी
माझा कोट मागून ओढला गेला.
'डक.'
रस्त्यावर बदक नव्हतं.
'डक,' ती मलाच म्हणाली, आणि सुटलेली नाडी दाखवली.
आई नव्हे, मम्मी नव्हे.
मी वाकून नाडी बांधली. गाठ दोनदा चुकली.

रात्री ती यंत्र स्वतः काढते,
डबीत ठेवते, झाकण लावते,
खोलीची मालकीण होते.
काल दिवा मालवायच्या आधी
तिनं माझ्या गळ्यावर दोन बोटं ठेवली. बोल, अशी खूण केली.
काय बोलणार? मी म्हटलं, ळ.
पुन्हा, अशी खूण.
ळ. कमळ. कमळजा.
पांघरूण सारून ती उठली,
अनवाणी स्वयंपाकघरात गेली,
आणि डब्यात ठोकळा पडल्याचा आवाज आला,
तो मलाच.

असली खूण तक्त्यात धरत नाहीत.
आज हेदरबाईंचा कागद काढून
मी खाली सातवी ओळ आखली,
पट्टी सापडली नाही म्हणून तिरकी.